खो मोठ्यानेच द्यायचा असतो

या अंकाचे संपादकीय खेळाविषयी आहे हे पाहून काही जणींच्या कपाळावर आठी उमटेल. पोटगी, रेशन, सात-बाऱ्यावर बाईचे नाव, दारूबंदी हे आपले नेहमीचे विषय. त्यातला एकही सुटलेला नाही. मग टीव्हीवरचे सामने आणि आपल्या देशाच्या खेळाडूंसाठी आरडाओरडा करणे यावर अंकाचे पहिले पान कशाला घालवायचे? आमच्या बैठकीतही एका जुन्या कार्यकर्तीने हा प्रश्न परखडपणे विचारला. तिला उत्तर द्यायचे म्हणून मी लिहायला बसले. लिहिता लिहिता लक्षात आले की मला स्वतःलाही ते उत्तर हवे आहे.

गोष्ट सुरू होते ती १९ जानेवारी २०२५ च्या रविवारी. दिल्लीत खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा भरली होती आणि त्या संध्याकाळी मुलींचा अंतिम सामना होता, भारत आणि नेपाळ यांच्यात. सिल्लोडजवळच्या एका गावात आमचा किशोरी गट आहे. त्यातल्या सात-आठ जणी शाळेच्या संघातून खो-खो खेळतात. त्यांनी हट्टच धरला की सामना सगळ्यांनी मिळून बघायचा. आमच्या सिल्लोडच्या कार्यालयात एक जुना टीव्ही आहे. मुली आल्या, त्यांना आणायला-पोचवायला म्हणून दोघी-तिघींच्या आया आल्या, आणि एकीची आजीही आली.

भारतीय संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. मुलींना हे सगळे पाठ होते. बीड, धाराशिव म्हणजे आपलाच मराठवाडा. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या, टँकरच्या आणि लवकर होणाऱ्या लग्नांच्या बातम्यांत ही नावे आपण वाचतो. त्याच मातीतल्या पोरी देशाचे नाव छातीवर लिहून धावत होत्या. भारताने ७८-४० असा सामना जिंकला. पण त्या आधीच आमच्या खोलीतला आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. समोरचा दुकानदार काय झाले म्हणून बघायला आला. बायका एवढ्या मोठ्याने ओरडतात म्हणजे भांडणच असणार, असे त्याला वाटले.

आजी सुरुवातीला गप्प होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "ह्या पोरींची लग्नं झाली का वं?" मी म्हटले, "माहीत नाही, आजी." त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या पोरी. घरच्यांनी सोडल्या कशा?" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "सोडल्या म्हणून तर पळतेत."

खो-खोचा एक नियम तुम्हाला आठवत असेल. पाठलाग करणारीने बसलेल्या गड्याच्या पाठीला नुसता हात लावून चालत नाही. हात लावतानाच "खो" असे मोठ्याने म्हणावे लागते. आवाज आला नाही तर ती चूक धरतात. लहानपणापासून "हळू बोल", "दात दाखवू नको", "आवाज बाहेर जाता कामा नये" असे ऐकत आलेल्या आपल्या मुलींना या एका खेळात नियम म्हणून मोठ्याने ओरडावे लागते. मी स्वतः शाळेत हा खेळ खेळले. त्या नियमाकडे मात्र इतक्या वर्षांत कधी असे पाहिले नव्हते.

दुसरी रात्र २ नोव्हेंबर २०२५ ची. नवी मुंबईला महिला क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. तीन दिवस आधी, ३० ऑक्टोबरला, उपान्त्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाला हरवले होते. सामन्यानंतर ही मुलगी रडत रडत सांगत होती की स्पर्धेच्या काळात तिला फार अस्वस्थ वाटत होते, ती वारंवार रडत होती. आपल्या मनाचा त्रास एका विजयी खेळाडूने असा उघड सांगितला, याची चर्चा दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बैठकीत झाली. "आपल्याला बी होतं तसं, पण आपण सांगतो का?" असे एक जण म्हणाली. समुपदेशनाच्या आमच्या चार सत्रांत जे निघाले नव्हते ते त्या वाक्यातून निघाले.

अंतिम सामन्याचा दिवस कार्तिकी एकादशीचा होता. निम्म्या जणींना उपास. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली पिके पाण्यात गेलेली, उरलेला कापूस वेचून आलेल्या बायकांची बोटे सोललेली. नवी मुंबईतही पाऊस होता, त्यामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला. आता तो मध्यरात्रीपर्यंत चालणार हे उघड होते आणि इथेच खरी अडचण आली. घरी काय सांगायचे? परत कोण नेणार? शेवटी एका बाईच्या भावाची जीप ठरवली. प्रत्येकीने घरी सांगितले, "बाकीच्या सगळ्या थांबल्यात." "सगळ्या थांबल्यात" हे आपले जुने हत्यार. मोर्च्याला जाताना आपण तेच वापरतो.

भारताने २९८ धावा केल्या. शफाली वर्माने ८७ काढल्या. मूळ संघात तिचे नाव नव्हते, दुसरी जखमी झाली म्हणून तिला ऐनवेळी बोलावले होते. दीप्ती शर्माने ५८ धावा केल्या आणि नंतर पाच बळीही घेतले. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वूल्वार्ट एकटी झुंजत होती. तिचे शतक झाले तेव्हा खोली गप्प होती. ती बाद झाली, झेल घेताना अमनज्योत कौरच्या हातातून चेंडू पुन्हा पुन्हा निसटला आणि शेवटी स्थिरावला, तेव्हा सगळ्या नाचल्या. त्या गोंधळात एक मावशी म्हणाली, "लई चांगली खेळली गं ती. ती बी कोणाची तरी लेकच." शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन घेतला. बावन्न धावांनी सामना जिंकला.

त्यानंतर जे झाले ते मी विसरणार नाही. सगळ्या जणी बाहेर रस्त्यावर आल्या. मध्यरात्र झाली होती. दहा-बारा वर्षे मी या भागात काम करते. इतक्या रात्री वस्तीतल्या बायका घराबाहेर पाहिल्या आहेत त्या तीनच कारणांनी: कोणाचे बाळंतपण, कोणाची मयत, किंवा नवऱ्याचा मार. आनंदासाठी मध्यरात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या बायका मी पहिल्यांदा पाहिल्या. पानटपरीशी जमलेले पुरुषही ओरडत होते. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हते, कारण त्यांच्यासाठी ते नेहमीचेच होते.

समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला गरजा शिकवल्या. अन्न, आरोग्य, सुरक्षितता, कायदा. स्त्रियांच्या कामात आपण दुःखाची नोंद ठेवायला शिकतो आणि ते आवश्यकच आहे. पण आनंदाची नोंद कोणत्या रकान्यात करायची हे मला कोणी शिकवले नाही. बाईने हसायचे तर ते हळदी-कुंकवात, डोहाळजेवणात, दुसऱ्याच्या लग्नात. म्हणजे घराण्याच्या कामाचा भाग म्हणून. कोणाच्याही उपयोगाचा नसलेला, केवळ आपला आनंद बाईला परवडत नाही असे आपण धरून चालतो. खेळ बघणे हा असा निरुपयोगी आनंद आहे. म्हणूनच तो मागावा लागतो.

तो मागताना जीव गेलेली एक मुलगी आहे. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर बायकांना फुटबॉलच्या मैदानात प्रेक्षक म्हणून जायला जवळजवळ बंदी होती. सहर खोदायारी नावाची तरुणी २०१९ मध्ये आपल्या आवडत्या संघाचा सामना बघायला पुरुषी वेशात तेहरानच्या आझादी मैदानात शिरू पाहत होती. तिला अटक झाली, खटला उभा राहिला. शिक्षेच्या धास्तीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतले आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. महिन्याभरात, १० ऑक्टोबर २०१९ ला, इराण-कंबोडिया सामन्याला साडेतीन हजारांच्या आसपास बायकांना तिकिटे द्यावी लागली. कोणी म्हणेल, फुटबॉलसाठी कोणी मरते का? बाई पाण्याच्या तळ्यासाठी, देवळाच्या पायरीसाठी, शाळेच्या दारासाठीही लढलीच आहे. पुरुषांना जिथे जाता येते तिथे आपल्यालाही जाता आले पाहिजे, एवढीच ती मागणी असते.

खेळणाऱ्या बायकांचा इतिहासही असाच दारे ठोठावण्याचा आहे. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये एकही स्त्री नव्हती. १९२८ मध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत ठेवली. धावून दमलेल्या बायका बघवल्या नाहीत म्हणून ती बंद केली, ती थेट १९६० पर्यंत. शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईच्या दमण्याचे कोणाला काही वाटत नाही, पण स्वतःच्या मर्जीने धावून दमली की ती नाजूक ठरते. क्रिकेटचा बायकांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये झाला, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षे आधी. आपल्यापैकी किती जणींना हे माहीत होते? मला नव्हते. भारतीय क्रिकेट मंडळाने महिला क्रिकेट आपल्या पदराखाली घेतले ते २००६ मध्ये. त्या आधीच्या खेळाडू आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करत, जमिनीवर झोपत, हे त्यांनीच नंतर सांगितले आहे. २००५ आणि २०१७ असे दोन अंतिम सामने हरून झाले तेव्हा २०२५ उजाडले. त्या जुन्या खेळाडूंसाठी ओरडायला कोणी नव्हते. त्यांचे सामने दाखवलेच जात नव्हते, तर आपण ओरडणार कशा?

आता आमच्या मैत्रिणीचे आक्षेप. ते खरे आहेत, म्हणून टाळत नाही.

पहिला आक्षेप असा की देशाच्या नावाने ओरडण्यात द्वेष मिसळतो. मिसळतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोला आपला महिला हॉकी संघ उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला. त्या संघातल्या वंदना कटारियाने काही दिवस आधीच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. पण हरल्यावर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर काही पुरुषांनी फटाके फोडले, जातीवरून शिव्या दिल्या. जिंकली तर देशाची लेक, हरली तर दलिताची पोर. आपल्या सिल्लोडसारख्या, सगळ्या धर्मांचे लोक शेजारी शेजारी राहतात अशा गावातही कोणत्या मोहल्ल्यात कोणत्या सामन्याला फटाके वाजले याची मोजदाद करणारे लोक असतात. टाळ्या वाजवणे ही निष्ठेची परीक्षा झाली की त्यातला आनंद संपतो. आमच्या गटात दोन्ही मोहल्ल्यांतल्या मुली आहेत. त्या सामना बघताना त्यांच्यापैकी कोणालाही काही सिद्ध करायचे नव्हते. मला वाटते, "ती बी कोणाची तरी लेकच" म्हणणाऱ्या मावशीला खेळ बघणे जमले आहे. आपल्याला तसे बघायला शिकवायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पदक आणले की डोक्यावर घ्यायचे आणि त्याच मुलीने तक्रार केली की पाठ फिरवायची. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि त्यांचे सहकारी कुस्तीगीर दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी होत्या. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेले. दोन दिवसांनी त्या पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या. डिसेंबरमध्ये साक्षीने कुस्तीच सोडली. २०१६ ला तिच्या कांस्यपदकासाठी आपण पेढे वाटले होते. २०२३ ला आपल्या किती गटांनी साधे पाठिंब्याचे पत्र पाठवले? मी कबूल करते, आम्ही ठराव केला आणि पत्र पाठवायचे राहून गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून बाद झाली, तेव्हा आमच्या कार्यालयात बायका रडल्या. त्या रडण्यात आमच्या न पाठवलेल्या पत्राची टोचणीही होती. मैदानातल्या मुलीसाठी ओरडणारीने तीच मुलगी फुटपाथवर बसली तर तिच्या शेजारी बसायला हवे.

तिसरा आक्षेप: हे सगळे चार जिंकणाऱ्यांचे कौतुक आहे, बाकीच्यांचे काय? याचे उत्तर मला ललिता बाबरने दिले. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत तिने अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषाच्या १९८४ नंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. १५ ऑगस्टला शर्यत झाली. ती दहावी आली. दहाव्या नंबरसाठीही आपण ओरडू शकतो, किंबहुना तिथेच आपली परीक्षा असते. उषाचे पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, तरी माझ्या आईच्या पिढीने मुलींना "पळतेस काय उषासारखी" म्हणायला सुरुवात केली.

तरीही मैत्रिणींनो, टीव्हीसमोर ओरडून काही बदलत नाही, हे मी विसरलेली नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री आमच्या खोलीत एक जागा रिकामी होती. जानेवारीत खो-खोचा सामना बघताना सगळ्यात पुढे बसलेली, प्रत्येक खोला हात उंचावणारी, संघात सर्वांत चपळ असलेली मुलगी त्या दिवशी नव्हती. एप्रिल-मेच्या लग्नसराईत तिचे लग्न दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन लावले. ती पंधरा वर्षांची होती. आम्हाला कळले ते दोन दिवसांनी. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ पासून आहे, गावात ग्रामसेवक हाच प्रतिबंध अधिकारी आहे, १०९८ ही हेल्पलाइन आहे, हे सगळे आम्ही शिबिरात शिकवतो. आमच्याच गटातली मुलगी आमच्या डोळ्यांसमोरून गेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, आणि मराठवाड्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच जास्त आहे. त्या टक्क्यांत आता आमच्या संघातली एक धावपटू आहे.

आणि दुसरी एक मुलगी वाचली. तिच्याही लग्नाची बोलणी सुरू होती. तिचीच आजी त्या दिवशी सामन्याला आली होती. घरात विषय निघाला तेव्हा आजी म्हणाल्या, "दोन वर्सं पळू द्या तिला." सामन्यामुळे आजी बदलल्या असे मी म्हणणार नाही. त्यांचे स्वतःचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते आणि त्याबद्दल त्यांच्या मनात काय होते ते त्यांनी कधी सांगितले नव्हते. पण "पळू द्या" हा शब्द त्यांना त्या संध्याकाळी सापडला असावा. मुलगी आज शाळेत आहे. दोन वर्षांनी काय होईल ते आमच्या जागेपणावर अवलंबून आहे.

ती मुलगी खेळते कुठे? तिच्या शाळेच्या मैदानाचा अर्धा भाग लग्नाचे मांडव आणि वाहने यांनी व्यापलेला असतो. शाळा सुटल्यानंतरचा सराव "मुलींना उशीर होतो" म्हणून बंद केला. मुलांचा सुरू आहे. त्यांना उशीर होत नाही. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, त्यामुळे पाळीच्या दिवसांत चार-पाच जणी येतच नाहीत. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची कर्णधार होती, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा मुली मराठवाड्यात घडतात. पण त्या या अडचणींना ओलांडून घडतात, आणि ज्यांना ओलांडता येत नाही त्यांची नावे आपल्याला कधी कळत नाहीत.

म्हणून या तिमाहीत आपल्या सर्व गटांनी काही कामे हाती घ्यावीत असे सुचवते. ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत मुलींच्या मैदानाचा विषय लिहून द्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी असतो. त्यातून खो-खोचे खांब, दिवा आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह मागा. शाळेला सरावाची वेळ मुलामुलींसाठी सारखी ठेवायला सांगा आणि परतताना मुलींसोबत चालायला दोन-दोन बायकांच्या पाळ्या लावा. संघातली मुलगी तीन दिवस सरावाला आली नाही तर चौथ्या दिवशी तिच्या घरी जा. आम्ही गेलो नव्हतो.

आणि पुढचा सामना एकत्र बघा. मोबाइलवर एकेकटीने नको, सगळ्या मिळून, दार उघडे ठेवून. कोणाच्या सासूला, आजीला सोबत आणा. रात्री उशीर होणार असेल तर जीप आधी ठरवा. समोरचा दुकानदार काय झाले म्हणून बघायला आला तर त्याला आत बोलवा, बसायला जागा द्या आणि सांगा, भांडण नाही, आमच्या पोरी खेळतायत.

सिल्लोड
संपादक मंडळाच्या वतीने